पायाखालचा जोर: गोल्फ स्विंग प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

सुरुवात कुठून झाली ते आधी लिहून ठेवतो, नंतर विसरेन. गेले सहा महिने हातांचा व्यायाम करतोय, मनगट, दंड, फोरआर्म सगळं, डंबेलचं वजन दीडपट झालं, शर्टाच्या बाह्या घट्ट व्हायला लागल्या, आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, क्लबहेड स्पीड (क्लबच्या डोक्याचा वेग) आधीही ताशी १४२ किमी होता, आजही १४२च आहे. स्पीड मोजणारा रडार बिघडलाय का म्हणून दुसऱ्याचा मागून आणला. तोही १४२ म्हणाला.

मग आज वही घेऊन बसलो. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. १४२ किमी म्हणजे सेकंदाला ३९.४ मीटर, म्हणजे गतिज ऊर्जा झाली १५५ ज्यूल. माझा डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली बॉलपर्यंत येणं, स्लो मोशनमध्ये मोजला तर ०.२८ सेकंद. म्हणजे नुसत्या त्या २०० ग्रॅमच्या ठोकळ्यासाठी सरासरी साडेपाचशे वॉट लागतात, शाफ्ट (क्लबची दांडी), दोन्ही हात, खांदे हे पण हलवायचंय ते वेगळंच. मनगटाभोवतीच्या एवढ्याशा स्नायूंकडून हे निघणं शक्यच नाही, मी सहा महिने चुकीचं इंजिन पॉलिश करत बसलो होतो. शरीरातलं मोठं इंजिन म्हणजे मांड्या, कुल्ले आणि पाठ-पोट. पण ते तर क्लबपासून सगळ्यात लांब. तिथली ताकद क्लबपर्यंत येते कशी आणि माझी वाटेत कुठे सांडते, एवढंच शोधायचंय.

मी उजव्या हाताने खेळतो, तेव्हा खाली जिथे डावा पाय लिहिलंय तो टार्गेटच्या बाजूचा पाय समजायचा.

७ जानेवारी

आज फुकटातले प्रयोग. आधी दोन्ही पाय जुळवून उभं राहून मारले, दहाची सरासरी १२६. मग उंच स्टुलावर बसून, पाय अधांतरी, १०१. म्हणजे पाय काढून घेतले तरी पार शून्य होत नाही, धड आणि हात मिळून बरंच काही करतात, पण वरचे ४१ किमी पायांशिवाय येत नाहीत.

मग अतिशहाणपणा केला. फिरत्या खुर्चीत बसलो, पाय वर उचलले आणि हवेतच क्लब फिरवला. क्लब डावीकडे गेला आणि मी खुर्चीसकट उजवीकडे! क्लब कपाटाला लागता लागता वाचला. स्पीड रडारने धड पकडलाच नाही पण तो दिसायलाच केविलवाणा होता. पुस्तकात वाचलेलं अँग्युलर मोमेंटम कमरेला असं कळतं ते पहिल्यांदाच. बाहेरून कोणी धरून ठेवणारं नसेल तर तुम्ही क्लबला जेवढं फिरवाल तेवढा क्लब तुम्हाला उलटं फिरवणार. उभं असताना ते धरून ठेवायचं काम जमीन करते.

१२ जानेवारी

मोजे घालून गुळगुळीत फरशीवर स्विंग केला, हळूच, साठ टक्के जोरात. डावा पाय पुढे सरकला, बॉल असतो त्या बाजूला, आणि उजवा पाय मागे. दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. ओलं फडकं पिळताना दोन हात जसे उलटसुलट जातात तसं दोन पायांनी मी जमीन पिळत होतो, उजव्याने मागे रेटायचं, डाव्याने पुढे, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने जमीन मला उलटं पिळणार, म्हणजे टार्गेटकडे फिरवणार. बुटाला स्पाइक का लागतात याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं, मी समजत होतो ते चिखलात घसरू नये म्हणून असतात.

तिसऱ्यांदा करायला गेलो नाही. मांडीचा सांधा अजून हवाय मला.

१९ जानेवारी

फोर्स प्लेट, म्हणजे पाय जमिनीवर किती भार टाकतो ते क्षणाक्षणाला मोजणारी पाटी, बनवायला घेतली. विकत घ्यायच्या असतात त्या माझ्या आवाक्यातल्या नाहीत. बाथरूमचे दोन डिजिटल वजनकाटे ठेवून बघितले होते, ते आकडा स्थिर व्हायची वाट बघतात, तोपर्यंत माझा फॉलोथ्रू होऊन क्लब बॅगेत गेलेला असतो.

म्हणून प्रत्येक पायासाठी जाड प्लायवूडचा एक तुकडा, चार कोपऱ्यांत प्रत्येकी ५० किलोचा लोड सेल (भार मोजणारा सेन्सर), चारही मिळून एक ब्रिज (एकत्र जोडलेलं सर्किट), तो सिग्नलचे आकडे करणाऱ्या एचएक्स७११ बोर्डला, आणि दोन्ही बोर्ड एका आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड). वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका सेलच्या तीन वायरींपैकी दोन उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळे मी प्लेटच्या त्या कोपऱ्यावर पाय ठेवला की वजन कमी व्हायचं. अर्धा दिवस कोडमध्ये चूक शोधत होतो.

२४ जानेवारी

पहिले स्विंग, सगळे फुकट. दोन कारणं.

एक, प्लेटची उंची चार सेंटीमीटर आणि बॉल खाली जमिनीवर. मी चार सेंटीमीटर उंच झालो हे डोक्यातच आलं नाही, दहापैकी सात बॉल टॉप केले, म्हणजे क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागला. मग बॉलखालची मॅटही तेवढीच उचलली.

दोन, ग्राफ. ग्राफ कसला, पूर्ण डाउनस्विंगमध्ये तीन ठिपके. एचएक्स७११ हा मुळात सेकंदाला १० रीडिंग देतो, वजनकाट्याला तेवढं पुरतं. पण त्याच्यावर रेट नावाची एक पिन असते, ती बोर्डवर बहुतेक वेळा ग्राउंडला जोडलेली येते, ती तिथून सोडवून वर खेचली की ८० रीडिंग मिळतात. भिंगाखाली ती बारीक पिन उचलताना एक बोर्ड मेला. दुसऱ्यावर जमलं.

२६ जानेवारी

आता ०.२८ सेकंदात बावीस-तेवीस ठिपके येतात. फार नाही, पण डोंगर कुठे आणि दरी कुठे ते दिसतं.

व्हिडिओशी जुळवायचा प्रश्न होता. फोन सेकंदाला २४० फ्रेम घेतो, प्लेट ८० रीडिंग, दोघांची घड्याळं वेगळी. उपाय अगदी गावठी आहे, स्विंगच्या आधी डावा पाय एकदा प्लेटवर आपटायचा. व्हिडिओत बूट टेकतो ती फ्रेम आणि ग्राफवर टोक येतं तो ठिपका, दोन्ही एकावर एक ठेवायचे. चूक एका ठिपक्याएवढी, म्हणजे १२ मिलीसेकंद आसपास. चालेल.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस कामाचा.

माझं वजन ७४ किलो. उभा राहिल्यावर प्लेट ३७-३७ दाखवते. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे-वर नेताना) उजव्यावर ५८, डाव्यावर १६, इथवर सगळं पुस्तकासारखं. मग वरून खाली येताना दोन्हींची बेरीज ६६ पर्यंत उतरते, म्हणजे आठ किलो गायब! आधी वाटलं पुन्हा वायर. पण तसं नाही, त्या क्षणी शरीर थोडं खाली बसतं, आणि खाली बसायला लागलेला माणूस जमिनीवर त्याच्या वजनापेक्षा कमीच भार टाकतो, लिफ्ट खाली निघाली की पोटात हलकं वाटतं तसंच. मग ते बसणं थांबवून वर उठायला डावा पाय रेटा देतो आणि बेरीज ९६ पर्यंत चढते, माझ्या वजनाच्या १.३ पट. डाव्या पायावर एकट्यावर ८८.

एवढं बघून मी खूश झालो होतो. भाचा व्हिडिओ काढायला आला होता, त्याने दोन-तीन स्विंग बघितले आणि म्हणाला, "मामा, तू उडी मारतोस ना, ती बॉल गेल्यावर मारतोस." मी म्हटलं तू फोन नीट धर. रात्री व्हिडिओ आणि ग्राफ जुळवले. बारा स्विंगपैकी दहांमध्ये डाव्या पायाचा सगळ्यात मोठा आकडा इम्पॅक्टनंतर, म्हणजे क्लब बॉलला लागल्यानंतर, २० मिलीसेकंदांच्या आसपास येतोय.

बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलीसेकंद. माझा पाय वीस मिलीसेकंद उशिरा जोर लावतोय, तेव्हा बॉल जवळजवळ सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी

एक गोष्ट दोन दिवस डोकं खात होती. जमीन ताकद देते, जमिनीतून पॉवर येते असं सगळेच म्हणतात. पण बूट तर जागचा हलत नाही. बल गुणिले विस्थापन, विस्थापन शून्य, म्हणजे जमिनीने केलेलं कामही शून्य. मग जमीन एक ज्यूलसुद्धा देत नाही तर लोक बोलतात काय?

शेवटी स्केटबोर्डवर उभं राहून भिंतीला रेटा दिला तर काय होतं तो विचार केला. मी मागे जातो. भिंत हललेली नाही, तिने ऊर्जा काही दिली नाही, ऊर्जा माझ्या दंडातून आली. पण भिंत नसती तर मी हललोच नसतो. जमिनीचं तसंच आहे. ज्यूल मांड्या, कुल्ले, धड यांनी कमवायचे, पण ते कमवताना टेकायला काहीतरी पाहिजे. जमीन तेवढा टेकू देते, आणि त्या टेकूतून शरीराला फिरायला लागणारा टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. फिरत्या खुर्चीत टेकू नव्हता म्हणून मी उलटा फिरलो.

टेकूही तीन प्रकारचा. आधी बाजूचा, उजवीकडून टार्गेटकडे ढकलणारा, तो बॅकस्विंग संपता संपताच सुरू होतो. मग तो पिळण्याचा, मोज्यांवर दिसलेला. आणि शेवटी उभा. डाव्या पायाखालून सरळ वर येणारा रेटा शरीराच्या गुरुत्वमध्याच्या डावीकडून जातो, म्हणून तो नुसता वर उचलत नाही, समोरून बघितलं तर धडाला घड्याळाच्या उलट दिशेने कलवतो, आणि क्लबही समोरून बघताना त्याच दिशेने फिरत असतो. माझ्या प्लेटला फक्त हा उभा दिसतो. बाकी दोन माझ्यासाठी आंधळे.

६ फेब्रुवारी

दुसरा फोन कमरेला मागे पट्ट्याने बांधला, त्यातला जायरोस्कोप चालू ठेवून. कमरेचा फिरण्याचा वेग सेकंदाला ४३० अंशांपर्यंत जातो आणि मग इम्पॅक्टच्या आधीच उतरायला लागतो. पूर्वी मला वाटायचं कंबर शेवटपर्यंत जोरात फिरवत राहायची. कंबर मंदावते म्हणजे तिच्यातलं पुढे गेलंय. आधी कंबर, मग छाती, मग हात, मग क्लब, प्रत्येकाचा कमाल वेग आधीच्यापेक्षा जास्त आणि आधीच्यानंतर येतो.

हातांचंही तेच. व्हिडिओवर स्क्रीनला पट्टी लावून मोजलं, ग्रिप (क्लबची मूठ) एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ३.२ सेंटीमीटर सरकते, आणि इम्पॅक्टच्या फ्रेमला २.४. म्हणजे हात सेकंदाला पावणेआठ मीटरवरून सहाच्या खाली आले, आणि तेवढ्या वेळात क्लबहेड एका फ्रेममध्ये १६ सेंटीमीटर पळायला लागलं. गोफण फिरवणाऱ्याचा हात शेवटी थबकतो आणि दगड निघतो, तसं. मी मात्र नेमका तिथेच हातांनी हिसका द्यायला बघत होतो, जिथे हिसका द्यायचा नसून हात थांबू द्यायचे असतात!

आता त्या उभ्या रेट्याचं काय, तो हातांपर्यंत कसा पोचतो? याला झोक्याचं उदाहरण सगळ्यात बरं पडतं. झोक्यावर उभं राहून झोका चढवायचा असेल तर तळाशी आल्यावर ताठ उठायचं. उठताना तुम्ही स्वतःला मध्याकडे ओढता, ती ओढ दोरीच्या ताणाविरुद्ध असते, आणि ते काम झोक्याच्या वेगात जमा होतं. क्लबचं तसंच आहे. खाली येताना क्लबहेड बाहेर पळायला बघतं, ३९ मीटरचा वेग आणि अंदाजे १.३ मीटरची त्रिज्या धरली तर नुसतं डोकंच जवळजवळ २४० न्यूटनने हात ओढतं, म्हणजे २४ किलोचं ओझं लटकल्यासारखं. त्या ओढीच्या विरुद्ध ग्रिप वर-आत खेचली की क्लबला वेग मिळतो. आणि एवढं खेचणार कोण, दंड? डावा पाय सरळ होतो, डावा खांदा वर जातो, त्याच्याबरोबर ग्रिप वर जाते. डंबेलवाले सहा महिने आठवले आणि गप्प बसलो.

गोल्फपटू जस्टिन थॉमस इम्पॅक्टला दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर असतो, उंची काही फार नाही त्याची, तरी लांब मारतो. मी ते बघून नेहमी म्हणायचो की बॅलन्स कसा जात नाही याचा.

१० फेब्रुवारी

लवकर उडी मारायची असं ठरवून गेलो. वाट लागली. वरून क्लब निघतानाच उठायला लागलो, पाठ सरळ झाली, बॉलपासून लांब गेलो, अर्धे बॉल क्लबच्या टोकाला लागले, एक तर प्लेटच्या कडेवर क्लब आपटून सोल्डर सुटला. सर्वात चांगला १३८. आधीपेक्षा वाईट.

११ फेब्रुवारी

सोल्डरिंग. बाकी काही नाही.

१५ फेब्रुवारी

कालच्या-परवाच्या ग्राफकडे बघत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की मी उडी लवकर आणली पण बसणं लवकर आणलंच नाही. उभ्या उभ्या उडी मारा आणि पटकन गुडघे वाकवून उडी मारा, दुसरी उंच जाते. खाली जाताना मांडीचा स्नायू ताणाखाली आधीच कामाला लागलेला असतो. आणि स्नायूला शून्यापासून पूर्ण जोरात यायला वेळ लागतो, शंभर मिलीसेकंदांपेक्षा जास्तच. माझा अख्खा डाउनस्विंग २८० चा. क्लब खाली निघाल्यावर पायाला जागं केलं तर तो इम्पॅक्टनंतरच पोचणार, दुसरं काय होणार.

म्हणजे डाव्या पायाचं काम क्लब अजून मागे जात असतानाच सुरू झालं पाहिजे. आज एकच गोष्ट केली. क्लब वर पोचायच्या किंचित आधी डाव्या पायाच्या चवड्याखाली काहीतरी चिरडायचंय असं समजून दाबलं, गुडघे तसेच वाकलेले ठेवून, छाती मागेच. धड पुढे ढकलायचं नाही, फक्त दाब. इथे माझा जुना गोंधळ होता, वजन टाकणं आणि दाब देणं मी एकच समजायचो. प्लेट दाब दाखवते. दाब डावीकडे आधी जातो, शरीराचं वजन त्याच्या मागून आरामात येतं. मी नेहमी अख्खं धडच पुढे न्यायचो आणि मग रेटायला कोन उरायचा नाही.

पहिले वीस विचित्र. मग एकदम एक १४६. आवाजच वेगळा आला.

१७ फेब्रुवारी

डावा गुडघा दुखतोय. वजनाच्या सव्वापट भार एका पायावर, वर पिळ, आणि मी दोन दिवसांत दीडशे स्विंग केले, दुखणारच. टायगर वुड्सने २००८ चं यूएस ओपन डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं आणि नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर असताना जिंकलं होतं, पण तो टायगर वुड्स, मी दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने गेलो.

डाव्या पायाचा चवडा आता टार्गेटकडे थोडा उघडून उभा राहणार, गुडघ्यावरची पिळ कमी होते. दहा दिवस सुट्टी.

२७ फेब्रुवारी

दिवसाला चाळीसच स्विंग, हा नियम.

आजची सरासरी १४९, वीस स्विंगची. ऊर्जा १५५ वरून १७१ ज्यूल, म्हणजे दहा टक्के जास्त, आणि डंबेलला महिनाभर हात लावलेला नाही. बेरीज आता ६१ पर्यंत खाली जाते आणि १०१ पर्यंत चढते. आकडा ९६ वरून १०१ झाला, हा काही फार मोठा फरक नाही. बदललंय ते टोक कधी येतं ते, आता ते इम्पॅक्टच्या ५० मिलीसेकंद आधी येतं आणि बॉल लागताना डाव्या पायावरचा भार उतरणीला लागलेला असतो. आधी मला ताकद कमी पडत नव्हती, ती चुकीच्या वेळी कामावर हजर होत होती.

थकलो की पहिल्यांदा हेच बिघडतं. तिसाव्या स्विंगनंतर टोक हळूहळू इम्पॅक्टकडे सरकायला लागतं, स्पीड नंतर पडतो, ग्राफ आधी सांगतो.

२ मार्च

आडवं बल मोजायला प्लेटच्या बाजूला दोन सेल आडवे लावायचा विचार आहे, पण प्लेट खाली सरकती ठेवावी लागेल आणि तिच्यावर जोरात स्विंग करायची माझी हिंमत नाही. बेअरिंगऐवजी जाड रबर ठेवून बघेन.

भाचा आला होता. त्याला प्लेटवर उभं केलं. वजन ५८ किलो, माझ्यापेक्षा १६ ने कमी, धड शिकलेलाही नाही, कधीतरी माझ्याबरोबर येतो तेवढंच. पाच स्विंग, सर्वात मोठा १५३. ग्राफ उघडला तर डाव्या पायाचं टोक इम्पॅक्टच्या ७० मिलीसेकंद आधी. विचारलं, नक्की काय करतोस रे पायांनी?

"पायांनी? काही नाही. जोरात मारतो."

फाइल सेव्ह केली. नाव दिलं भाचा_१.

त्याला १ फेब्रुवारीची गोष्ट शेवटी सांगितली. तो म्हणाला, मी तेव्हाच बोललो होतो ना.